मराठवाड्यात कंदाची ऑर्किडं: दिवाळीला झोपवायची, रोहिणीला उठवायची

ऑर्किड म्हणलं की आपल्याकडं लोकांच्या डोळ्यापुढं ते लटकवलेलं, मुळं हवेत सोडलेलं महागडं झाड येतं, आणि ते एप्रिलमधल्या नांदेडच्या नाहीतर परभणीच्या हवेत टिकत नाही हे बहुतेकांनी बघितलेलंय. त्याला हवेत ओल लागते आणि आपल्या उन्हाळ्यात हवेत ओल नसतेच. पण ऑर्किडमध्ये दुसरा एक प्रकार आहे जो मातीत वाढतो, खाली कंद धरतो, आणि त्यातल्या बऱ्याच जाती वर्षातले काही महिने पानं टाकून नुस्ता कंद होऊन पडून राहतात. हे आपल्याला लई सोयीचं आहे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि दर दोन-चार वर्षाला कुठं ना कुठं टँकर सुरू होतातच, अशा मुलखात जे झाड टँकरच्या महिन्यात पाणीच मागत नाही ते लावायला काय हरकत आहे.

आता बरेच जण मला विचारायलेत की कंद मागवला, कोंब आला, पानं आली आणि मग पुढच्या वर्षी कुंडी उकरली तर आत काहीच नाही, असं का. कारण एकच असतं बहुतेक वेळा. या झाडांबद्दल जे वाचायला मिळतं ते थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं असतं, त्यांची सगळी धडपड कंद हिवाळ्यात गोठू नये म्हणून. आपल्याकडं परभणीला एखाद्या हिवाळ्यात पारा पाच अंशाच्या खाली जातो तेवढं सोडलं तर गोठायचा विषयच नाही. आपला हिवाळा कंदाला मानवतो. कंद मरतो तो मार्च ते जूनमध्ये, नाहीतर झोपलेला असताना मायेनं घातलेल्या पाण्यानं. त्याच्यामुळं खाली जे लिहिलंय ते आपल्या पावसाच्या आणि नक्षत्रांच्या हिशोबानं लिहिलंय.

१. आधी जात ठरवा, फोटो बघून ठरवू नका

पहिल्या वर्षाला स्पॅथोग्लॉटिस घ्या. नर्सरीत याला नुस्तं ग्राउंड ऑर्किड म्हणतात. पानं लांब आणि उभ्या चुण्यांची, फुलं जांभळट गुलाबी नाहीतर पिवळी, ऊन बऱ्यापैकी सोसतं. हे पूर्ण झोपत नाही, हिवाळ्यात सुस्त पडतं, जुनी पानं वाळतात, पण कंद कोरडाठाक करायचा नाही. मग हे का घ्यायचं, तर याच्यावर हात बसतो, कंद कसा दिसतो, डोळा कुठं असतो, पाणी कधी जास्त झालं हे कळतं, आणि हे सहजासहजी मरत नाही.

दुसरी कॅलेंथी, त्यातली पानं टाकणारी. वेस्टिटा आणि तिच्यापासून केलेले संकर या गटातले. माझं सगळ्यात आवडतं हेच, कारण याचं वर्ष आपल्या खरिपाशी जुळतं. पावसाळ्यात वाढ, दिवाळीच्या आसपास पानं पिवळी, आणि मग थंडीत पान नसलेल्या कंदाच्या बुडातून फुलांचा दांडा. माणसानं मुद्दाम संकर करून फुलवलेलं पहिलं ऑर्किडसुद्धा कॅलेंथीच होतं, १८५६ ला इंग्लंडात, अर्थात ते पानं न टाकणाऱ्या जातींचं होतं.

तिसरी ब्लेटिला स्ट्रायाटा, मूळ चीन-जपानकडची. कंद चपटे, एकाला एक जोडलेली माळच असते. लोक हिला सगळ्यात सोपी म्हणतात, तिकडं असेल. आपल्याकडं अडचण अशी की ही फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं की जागी होते, मग फुलं आल्यावर सगळा उन्हाळा हिरवी पानं सांभाळत बसावं लागतं. लिंबाची दाट सावली आणि रोज पाणी द्यायची सोय असेल तरच घ्या.

चौथी हॅबेनारिया रेडिएटा, पांढरा बगळा म्हणून जिचे फोटो सगळीकडं फिरतात. कंद वाटाण्याएवढा. ही जपान-कोरियातल्या दलदलीची, तिला वाढताना कायम ओल आणि मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी लागतं. दोन-तीन वर्षं बाकीची जमल्यावर घ्या, आधी नको.

आणि एक घेऊच नका, प्लायोनी. पूर्व हिमालयातली आहे, कलिंपाँगकडचे विक्रेते पाठवतात, कंद आणि फूल दोन्ही दिसायला फार देखणं. पण तिला झोपेत कडक थंडी आणि वाढताना गार उन्हाळा लागतो. आपल्या मे महिन्यात ती राहत नाही, तुम्ही कितीही केलं तरी.

२. कंद कुठून घ्यायचा, आणि कागद कोणते

यात फसवणूक भरपूर आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली फसवणूक बियांची. पांढऱ्या बगळ्याच्या बिया, शंभर बिया अमुक रुपयात, वर निळ्या फुलाचा फोटो. ऑर्किडचं बी धुळीएवढं बारीक असतं, त्यात कोंबाला पुरेल असा अन्नसाठाच नसतो. निसर्गात ते ठराविक बुरशीच्या मदतीनं रुजतं आणि लॅबमध्ये निर्जंतुक बाटलीत, जेलीवर. घरी कुंडीत पाकिटातलं बी टाकून ऑर्किड उगवत नाही. पाकिटात जे मोठाले दाणे दिसतात ते दुसऱ्याच कशाचं तरी बी असतं. पैसे घालू नका.

दुसरी गोष्ट परदेशातून मागवायची. साइटवर बटण दाबलं की ऑर्डर जाते, त्याच्यामुळं लोकांना वाटतं चालतं. चालत नाही. भारतात झाड, कंद, बी काहीही आणायचं तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आपल्या बाजूनं आयात परवाना लागतो आणि तिकडच्या सरकारचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे झाडाला रोग-कीड नाही असा दाखला लागतो. त्याच्यावर सगळं ऑर्किड कूळ साइट्स (CITES) या रानटी झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्याचा कागद वेगळा. हे नसलं तर पार्सल कस्टममध्ये अडकतं आणि आत कंद वाळतो किंवा कुजतो. घरच्या चार कुंड्यांसाठी हे करायची गरजच नाही, देशात मिळतं.

तिसरी गोष्ट रानातली. गौताळ्यात, किनवटच्या जंगलात, कुठल्याही माळावर पावसाळ्यात जमिनीतनं ऑर्किड फुललेलं दिसलं तर फोटो काढा आणि पुढं व्हा. आमरकंद म्हणून जे विकतात ते युलोफिया या ऑर्किडचेच कंद, जडीबुटीवाल्याकडून असले कंद घेऊन कुंडीत लावू नका, ते रानातून उपटलेले असतात. अभयारण्यातून उपटणं गुन्हा आहे हे तर आहेच, पण रानातला कंद जुन्या जागेच्या मातीतल्या बुरशीवर अवलंबून असतो, तो बहुतेक वेळा तुमच्याकडं जगतही नाही. म्हणजे तिकडंही गेला आणि इकडंही गेला.

मग घ्यायचं कुठून. सिक्कीम, कलिंपाँग, आसाम आणि केरळमधल्या नर्सऱ्या कुरियर करतात. सिक्कीमात पाक्योंगला आयसीएआरचं, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेचं राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्रच आहे, त्या भागात ऑर्किड लावायची पद्धत जुनी आहे. स्पॅथोग्लॉटिस तर छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याच्या मोठ्या नर्सरीतही मिळून जातं.

विक्रेत्याकडून एवढं मागून घ्या:

- बिल, त्यावर जातीचं पूर्ण नाव. नुस्तं मिक्स ऑर्किड बल्ब लिहिलेलं नको
- झाड नर्सरीत वाढवलेलं की टिश्यू कल्चरचं, हे लेखी. मेसेज असला तरी चालेल
- ज्या कंदाचं पार्सल येणार त्याचाच फोटो, फुलाचा नको
- कंद झोपलेला आहे की कोंब आलेला

मागवायचा महिना म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये कुरियरच्या गाडीत खोकं तापतं आणि कंद आतून शिजून येतो, वरून काही कळत नाही. पार्सल आल्यावर लगेच फोडा आणि प्रत्येक कंद अंगठ्यानं दाबून बघा. टणक पाहिजे. थोडा सुरकुतलेला चालतो, मऊ आणि वास येणारा चालत नाही, तो फोटो काढून परत कळवा.

३. सामान

- पसरट कुंडी, आठ-दहा इंची, खाली भरपूर भोकं. खोल कुंडीचा उपयोग नाही, मुळं वरच्या थरातच असतात
- कोकोपीटची वीट
- पेरलाइट, म्हणजे फुगवलेले पांढरे हलके खडे, नसेल तर विटकरीचा चुरा बारीक धूळ चाळून टाकून
- लाकडी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे
- झाडाच्या पानांचं पूर्ण कुजलेलं खत
- टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा पेन, स्वस्त असतो
- ७५ टक्क्याची हिरवी शेडनेट, खिडकीएवढा तुकडा पुरे
- ट्रायकोडर्मा पावडर, ही कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, कृषी सेवा केंद्रात मिळते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स हळद-आल्याची कंदकुज रोखायला आपले शेतकरी वापरतात, तेही चालतं
- १९:१९:१९, म्हणजे नत्र-स्फुरद-पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत, ठिबकवाल्या शेतकऱ्याकडून पावशेर मागून आणलं तरी दोन-तीन वर्षं जाईल
- कागदी पिशव्या, मार्कर, आणि पावसाचं पाणी भरायला झाकणाचा ड्रम

४. माती: काळी माती अजिबात नको

आपली काळी माती कापसाला चांगली, या कंदाला विष. ओली झाली की चिकट होऊन हवा बंद, वाळली की भेगा पडून मुळं तुटतात, आणि वर ती अल्कधर्मी असते. थोडी घातली तर काय होतं, असं विचारतात. थोडीही नको. मुरूम घालणारे असतात, मुरमात पांढरी चुनखडी दिसली तर तोही नको.

कोकोपीट धुतल्याशिवाय वापरायचं नाही, ही पायरी लोक टाळतात. नारळाच्या शेंड्यात क्षार असतात, ते कुंडीत तसेच राहिले तर पानांची टोकं जळतात आणि माणूस पाण्याला दोष देत बसतो. वीट बादलीत भिजवा, फुगू द्या, पिळून पाणी टाका, परत भरा. दोन-तीनदा केल्यावर निघणाऱ्या पाण्यात टीडीएस पेन बुडवून बघा, आकडा तुम्ही ओतलेल्या पाण्याच्या जवळ आला की झालं.

मिश्रण असं: धुतलेलं कोकोपीट दोन वाटे, पेरलाइट किंवा विटकरीचा चुरा एक वाटा, पानांचं खत एक वाटा, कोळसा अर्धा वाटा. मूठभर ट्रायकोडर्मा घमेल्यात मिसळून एक दिवस सावलीत ठेवा. मूठ दाबली तर गोळा व्हावा आणि बोट लावलं की मोडावा, हे बरोबर. रेडिएटाला यातलं खत काढून टाका, तिला नुस्तं कोकोपीट किंवा स्फॅग्नम मॉस (दलदलीतलं वाळवलेलं शेवाळ) आणि पेरलाइट. शेणखत कुठल्याच कुंडीत नको, अर्धवट कुजलेलं निघालं की कंदाला बुरशी लागलीच म्हणून समजा.

५. पाणी

खरं अवघड काम हे आहे. बोअरचं पाणी पेनानं मोजा. पिण्याच्या पाण्याची चांगली मर्यादा ५०० धरतात, आपल्याकडं कित्येक बोअरला त्याच्या दुप्पट येतं. असल्या पाण्यानं कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो, तोच थर मुळांवरही बसत असतो. स्पॅथोग्लॉटिस हे काही दिवस सोसतं, कॅलेंथी कमी सोसते, रेडिएटा अजिबात नाही.

उपाय पावसाचं पाणी. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, म्हणजे दहा चौरस मीटरचा साधा पत्रा आणि दहा मिलिमीटरचा एक बरा पाऊस एवढ्यात शंभर लिटर. पहिला पाऊस पत्रा धुवून जाऊ द्यायचा, दुसऱ्यापासून धरायचं. ड्रमला झाकण आणि तोंडाला कापड, नाहीतर डास होतात. दहा कुंड्यांना एवढं पाणी जुलैतला पावसाचा खंड काढायला पुरतं, आणि खंड पडतोच, दर वर्षी.

एसीच्या नळीतून गळणारं पाणी चालतं, त्यात क्षार नसतात. आरओचं प्यायचं पाणी चालतं. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी चालत नाही, त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात. कूलरच्या टाकीतलं पाणी तर मुळीच नको, दिवसभर आटून आटून ते बोअरपेक्षाही जड झालेलं असतं. पाणी वाया जाऊ नये म्हणून हीच दोन पाणी लोक झाडाला घालतात, भावना चांगली आहे पण ती फरशी पुसायला वापरा.

६. लावणी रोहिणी-मृगाला

रोहिणी साधारण २५ मेला निघते, मृग ७-८ जूनला. रोहिणीत कंद पिशवीतून काढून बघायचे, कुंड्या भरून ठेवायच्या, आणि हवेत ओल आली, रात्री जरा गार वाटायला लागलं की लावायचे. कॅलेंथीच्या बुडाला बारीक हिरवा कोंब दिसायला लागतो, तो निशाणी. कोंब लवकर आला, एप्रिलमध्येच, तर घाईनं लावून उन्हात ठेवू नका, घरात सावलीला कुंडीत ठेवा आणि कोंब बोटाच्या पेराएवढा होईपर्यंत पाणी अगदी थोडं.

खोली जातीप्रमाणं वेगळी. कॅलेंथीचा कंद बुडाकडचा तिसरा हिस्सा मिश्रणात, बाकी वर उघडा. स्पॅथोग्लॉटिस नुस्ता झाकेल एवढा, कोंबाचं टोक वर. ब्लेटिला, ही मात्र रोहिणीची वाट न बघता फेब्रुवारीत जागी होते तेव्हाच लावायची, तीन ते पाच सेंटिमीटर खाली, डोळा वरच्या अंगाला, आणि तिची माळ तोडून एकेक करू नका, दोन-तीन कंदांचा तुकडा ठेवा, एकट्या कंदाला त्या वर्षी फूल बहुतेक येत नाही. रेडिएटा दोन-तीन सेंटिमीटर, टोकदार बाजू वर, एका कुंडीत दाटीनं पाच-सहा.

लावल्यावर एकदा बेतानं पाणी, मग कोंब जोर धरेपर्यंत वरचा थर वाळू द्यायचा. मुळं फुटलेली नसतात, पाणी ओढणार कोण. पहिल्या दोन आठवड्यात जोराचा पाऊस लागला तर कुंडी पडवीत घ्या.

७. पावसाळा: खाऊ घालायचे दिवस

मृग ते हस्त, म्हणजे जून ते सप्टेंबर अखेर, या चार महिन्यात कंद पुढच्या वर्षाची सगळी तयारी करतो. जागा पूर्वेची, सकाळचं ऊन नऊ-साडेनऊपर्यंत आणि पुढं सावली. स्पॅथोग्लॉटिसला दुपारपर्यंत चालतं. गच्चीवर ठेवणार असाल तर स्लॅबवर थेट नको, विटांवर फळी टाकून त्याच्यावर.

खत दर पंधरा दिवसाला १९:१९:१९, लिटरला अर्धा ग्रॅम, आधी साधं पाणी देऊन मग. रेडिएटाला त्याच्याही निम्मं. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण शेतातल्या पिकाचं असतं ते इथं घेऊ नका. गणपती उठले की खत कमी करत जा आणि हस्त लागलं, साधारण २७ सप्टेंबर, की बंद.

गोगलगायींवर डोळा ठेवा. २०२२ ला लातूर, बीड, धाराशिवकडं सोयाबीनची कोवळी रोपं गोगलगायींनी कशी फस्त केली ते सगळ्यांनी बघितलंय, ऑर्किडचा कोंब त्यांना तसाच लागतो आणि कॅलेंथीला मुळात कोंब एक नाहीतर दोन, तो खाल्ला की वर्ष गेलं. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी कुंड्यांजवळ टाका, सकाळी त्याच्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी साबणाच्या नाहीतर मिठाच्या पाण्यात टाका. हात लावताना मोजे घाला. मीठ कुंडीत किंवा कुंडीभोवती टाकायचं नाही. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, पण घरात कुत्रं-मांजर, लेकरं असतील तर वापरू नका.

पानांवर पाणी साचून काळे डाग पडले तर तेवढं पान कापा, कात्री स्पिरिटनं पुसून, आणि कुंड्यांमध्ये वारा खेळेल एवढं अंतर ठेवा. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली तर जखम लवकर सुकते, मुळांना मात्र लावू नका.

८. हस्तानंतर: पानं पिवळी पडायला लागली की घाबरू नका

या टप्प्यावर सगळ्यात जास्त कंद जातात. ऑक्टोबरात पानं पिवळी पडतात, माणसाला वाटतं झाड मरायलंय, आणि तो पाणी आणि खत वाढवतो. झाड मरत नसतं, पानातलं सगळं सत्त्व ते कंदात उतरवत असतं. हिंगोली-वसमतकडच्या माणसाला हे सांगायची गरज नाही, हळदीचा पाला वाळल्याशिवाय कोणी हळद काढत नाही, आणि वाळणाऱ्या पाल्याला कोणी पाणीही देत नाही. तसंच इथं.

पानाचा एक चतुर्थांश पिवळा झाला की पाणी निम्मं. अर्ध्याच्या वर गेला की आठवड्याला एकदा, तेही थोडं. पूर्ण वाळला की बंद. पान हिरवं असताना कापून टाकू नका आणि ओढून तोडूही नका, आपोआप सुटतं.

कॅलेंथीला इथं एक अपवाद. पानं गेल्यावर बुडातून फुलांचा दांडा निघायला लागतो, तेव्हा कंद उकरू नका. दांडा वाढत असेपर्यंत पंधरा दिवसातून कपभर पाणी पुरे, कंदात साठा असतो. फुलं संपली, साधारण फेब्रुवारीत, मग काढायचे.

स्पॅथोग्लॉटिस कुंडीतच राहू द्या, हिवाळ्यात आठ-दहा दिवसाला पाणी आणि भरपूर ऊन.

९. कंद काढून ठेवणं

कुंडी एकदम कोरडी झाल्यावर पेपरवर उलटी करा. माती हातानं झटका, धुवू नका. वाळकी मुळं दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापा, पुढच्या वर्षी कंद उभा राहायला ती कामाला येतात. कॅलेंथीचा जुना कंद आणि यंदाचा नवा कंद जोडलेले असतात, पिळून वेगळे करा, पुढच्या वर्षीचा जोमदार कोंब यंदाच्या नव्या कंदाला येणार, जुना सुकत जातो. रेडिएटाचा लावलेला कंद सापडत नाही म्हणून लोक घाबरतात. तो दर वर्षी संपतोच, त्याच्या जागी बारीक दोऱ्यांच्या टोकाला दोन-तीन नवे तयार होतात, ते नखाएवढे असतात आणि रंगानं मातीत मिसळून जातात, म्हणून माती चाळून बघितल्याशिवाय टाकू नका.

काढलेले कंद दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्याला सुकवा. पिठ्या ढेकूण दिसला, पांढरा कापसासारखा, तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसा. मग ट्रायकोडर्मा पावडर कोरडीच लावून कागदी पिशवीत, सोबत मूठभर कोरडं पेरलाइट. रासायनिक बुरशीनाशक लावणार असाल तर ट्रायकोडर्मा लावू नका, ती स्वतः बुरशीच आहे, औषधानं मरते. पिशवीवर जात आणि तारीख लिहा. प्लॅस्टिकची हवाबंद पिशवी नको, आत घाम धरतो.

रेडिएटाचं वेगळं: किंचित ओलसर मॉस, पिळून थेंब न पडणारा, झिपच्या छोट्या पिशवीत, तोंड थोडं उघडं, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. पिकणाऱ्या फळांजवळ नको, त्यातून निघणारा वायू कोंबाला चांगला नाही. कॅलेंथी फ्रिजमध्ये कधीच नको, ती गरम प्रदेशातली आहे.

कुंडीतच झोपू दिलं तर चालतं का? चालतं, पण कुंडी घरात पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी येतो, २०१४ ची गारपीट विसरण्यासारखी नाही, आणि झोपलेल्या कुंडीवर एक रात्र पाऊस पडला की आतला कंद आठ दिवसात जातो. बाहेर आभाळ आलं की कुंड्या आत घ्यायची सवय लागते म्हणणारे असतात, पण अवकाळी विचारून येत नाही.

१०. उन्हाळा काढणं

पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर, किचनच्या वरच्या कपाटात कंद ठेवू नका. मे महिन्यात तिथं हात लावता येत नाही एवढं तापतं. घर जुनं माळवदाचं असेल तर मधली खोली उत्तम, जाड भिंतीमुळं आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी गार असतं. स्लॅबचं घर असेल तर खालच्या मजल्यावर उत्तरेची भिंत, जमिनीलगत. आमच्याकडं माठाच्या तिवईखाली पिशव्या ठेवतात, माठ पाझरतो, फरशी गार राहते आणि हवेत हलकी ओल राहते, पिशव्या मात्र विटेवर ठेवायच्या म्हणजे कागद भिजत नाही.

पंधरा दिवसाला पिशवी उघडून कंद दाबून बघा. टणक असेल तर बंद करून ठेवा. जास्तच सुरकुत्या पडल्या असतील तर पेरलाइटवर चमचाभर पाणी शिंपडा, कंदावर नको. मऊ झालेला लगेच बाहेर काढा, एकाचं दुसऱ्याला लागतं. उंदीर आणि घुशी कंद आवडीनं खातात, पिशव्या भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या तर डोक्याला ताप राहत नाही.

स्पॅथोग्लॉटिस आणि ब्लेटिला ज्यांनी ठेवल्यात त्यांना मार्चपासून ७५ टक्के शेडनेट लावावीच लागेल. पाणी सकाळी सहा-सातला, ऊन चढल्यावर तापलेल्या कुंडीत पाणी घातलं तर मुळं उकडतात. कुंड्यांखाली ट्रेमध्ये ओली वाळू ठेवा, कुंडी विटेवर, पाण्याला टेकायला नको. कूलरच्या खोलीत खिडकीजवळ ठेवलं तरी छान राहतं, कूलरची ओलसर हवा मानवते. पानांच्या पाठीवर बारीक लाल कोळी दिसला तर रोज साध्या पाण्याचा फवारा पाठीवरून मारा, तो कोरड्या हवेत वाढतो, आठवड्यात कमी होतो.

११. कोंब आला नाही तर

रोहिणी गेली, मृग लागला तरी कंद गप्प आहे, असं होतं. आधी दाबून बघा. टणक असेल तर थांबा, काही कंद आर्द्रा निघेपर्यंत, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत वेळ घेतात. ओलसर कोकोपीटवर नुस्ता ठेवा, गाडू नका, रोज उकरून बघू नका. कंद टणक आहे पण डोळा काळा पडून मेलाय असं दिसलं तर कॅलेंथीला आणि ब्लेटिलाला शेजारचा दुसरा डोळा फुटू शकतो, त्याला जुलैअखेरपर्यंत वेळ द्या, त्या वर्षी फूल येणार नाही एवढंच. अर्धा मऊ, अर्धा टणक असेल तर मऊ भाग निर्मळ पांढरं दिसेपर्यंत कापून टाका, दालचिनी लावा, दोन दिवस सुकवा आणि नव्या कोरड्या मिश्रणावर ठेवा. सगळाच मऊ असेल तर टाकून द्या, आणि त्या पिशवीतलं पेरलाइट आणि कुंडीतली माती दुसऱ्या ऑर्किडला वापरू नका, जास्वंदीच्या नाहीतर तुळशीच्या बुडात घाला.